जव नेमका कोणाचा

हे लिहिणारच नव्हतो. लिहिलं तर मी माती खाल्ली हे सगळ्यांना कळणार. आणि खरं सांगू, खाल्ली की नाही हेच मला अजून कळलेलं नाही.

आमच्या संस्थेत देशोदेशीची बियाणी थंड खोलीत जपून ठेवतात. मी उगवण तपासतो. ओल्या कागदावर शंभर दाणे ठेवायचे, आठवड्याने किती उगवले ते बघायचं. पंच्याऐंशीच्या खाली गेलं की ते बी शेतात पेरून नवं करायचं. पेरतो माझा मित्र, जाड्या. काडीसारखा आहे, म्हणून जाड्या.

जाड्याची नोकरी एका परदेशाच्या मदतीवर चालते. ती मदत पुढे द्यायची का, हे ठरवायला तिथला अधिकारी परवा आला.

"त्यांच्या देशाचं काही टेबलावर ठेव," आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "आणि लांबण लावू नकोस."

मी जवाचं पाकीट काढलं. कार्डावर पाठवणारा त्यांचाच देश. झकास. पण बी मुळात कुठून आलं ते जुन्या कार्डावर असतं, आणि मला तेही वाचायची खोड.

अधिकाऱ्याने पाकीट उचललं. "हे आमचं, ना?"

दारातून जाड्या खुणावत होता, हो म्हण.

"तुमच्याकडून आलं," मी म्हणालो. "पण तुम्ही ते एका डोंगराळ देशातून नेलं होतं. पुरात त्या देशाचं सगळं बी गेलं, म्हणून गेल्या वर्षी आम्ही त्यांना यातलंच परत दिलं. तुमच्या शेतातला आत्ताचा जव रोगाला टिकतो, तोही याच्यामुळेच. मग कोणाचं म्हणायचं ते मला माहीत नाही, साहेब."

तो वहीत लिहायला लागला. बराच वेळ लिहिलं. चहा न घेताच गेला.

मॅडम म्हणाल्या, "तू बरं बोललास की वाट लावलीस, मलाही कळेना."

जाड्या मागच्या पायरीवर बुटाचा चिखल काढत बसला होता.

"एक अक्षर होतं रे. हो. तेवढं जमलं नाही?"

"ते खोटं झालं असतं."

"पूर्ण?"

"अर्धं."

"मग अर्धं हो म्हणायचंस."

मी सकाळीच त्या जवाचे दाणे मोजले होते. शंभरातले एकसष्ट उगवले. म्हणजे याच हंगामात पेरायला हवा. जाड्याला सांगितलं.

"आणि मदत बंद झाल्याचं पत्र आलं तर? मी नसलो तर कोण पेरणार?"

"मी."

"तू? मागच्या वेळी तुझी ओळ सापासारखी गेली होती."

"मग उद्यापासून शिकव."

त्याने खिशातून वाफ्यात सरळ ओळ आखायची दोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते मनगटाला गुंडाळलं.

"पत्रात काहीही येऊ दे जाड्या, हा जव मरू देणार नाही. आणि सरळ ओळीत पेरीन. शब्द दिला."