राहून गेलेला भाकरतुकडा

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे, मित्रांनो. फिरकीचा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना आता सांगावं लागेल. माझ्या झाकणाला आटे आहेत. झाकण फिरवून घट्ट बसवलं की मला गाडीत आडवा टाका नाहीतर उलटा धरा, थेंब सांडणार नाही. हल्ली या कामाला प्लास्टिकच्या बाटल्या ठेवतात. ठेवोत बापड्या. त्या पडल्या की चिरतात, मी पडलो तर नुसता पोचा येतो. माझ्या अंगावर पोचे पुष्कळ आहेत, आणि मला त्यांची लाज वाटत नाही.

शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानातून आवडाबाईच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात द्यायला घेतलं. गळ्याशी तिचं नाव कोरून घेतलं. तिच्यासोबत मी पाचोडला आलो, म्हणजे तिच्या सासरी. ती शेतात निघाली की मी निघायचो, बाजाराला गेली की मी काखेत. नवरा रामकिसन माझ्यातलंच पाणी वरून घटाघटा प्यायचा आणि म्हणायचा, "आवडे, तुझ्या तांब्यातलं पाणी लई गार लागतं." कौतुकाचे ते दिवस होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले. गावाला पाणी द्या म्हणून मोर्चा निघाला, त्यात रामकिसन पुढे होता. त्याला धरून शहरातल्या तुरुंगात नेलं. आवडाबाईनं कुठून कुठून पाणी मिळवून मला काठोकाठ भरलं आणि त्या तुरुंगाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

शिपाई म्हणाला, "झाकणाच्या भांड्यात काय बी लपवून नेत्यात. नाय जमायचं."

तिनं झाकण उघडून दाखवलं. तरी त्यानं मला आत सोडलं नाही, आणि तिलाही नाही. ती भिंतीच्या सावलीला बसून राहिली. मग मला तसाच भरलेला घेऊन परत आली. दुष्काळातलं पाणी ओतून द्यायला तिचा जीव होईना.

खरं दुखणं मात्र पुढंच आहे. आमच्याकडे कुणी लांबून घरी आलं की उंबऱ्याबाहेर त्याच्यावरून भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, आणि मग आत घेतात. वाटेतली इडापीडा बाहेरच राहावी म्हणून. रामकिसन सुटून आला त्या दिवशी आवडाबाई एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात मला घेऊन दारात उभी होती. तेवढ्यात तिचे सासरे बद्रीनाथ पुढे आले.

"तुरुंगातून आलेल्याला कसला भाकरतुकडा? लोकं हासतील," ते म्हणाले. "मागल्या दारानं घ्या त्याला आत."

रामकिसन परसात वळला. मी तिच्या हातात भरलेला तसाच राहिलो. फार वाईट वाटलं मला.

तेव्हापासून तो आपल्याच घरात मागच्या दारानं जाऊ लागला. बद्रीनाथ गेले, काळ बदलला, तरी त्याची वाट बदलली नाही. तुरुंगाचा विषय तर त्यानं कधीच काढला नाही. पुढे मुलानं, सुदर्शननं, क्रांती चौकाजवळ फ्लॅट घेतला आणि म्हाताऱ्या दोघांना शहरात आणलं. फ्लॅटला एकच दार. दार सताड उघडं असलं तरी रामकिसन बाहेर थांबायचा, आणि कुणीतरी "या की आत" म्हटल्यावरच पाऊल टाकायचा. सुदर्शन हसून म्हणायचा, "आण्णांची सवयच हाये तशी." सवयीमागचं कारण आवडाबाईला ठाऊक होतं आणि मला. ती सांगेना, मला सांगता येईना. माझी रवानगी तर माळ्यावर झाली होती.

यंदा नात सायलीनं अंदमान बघायचा हट्ट धरला. ती कॉलेजात शिकते. निघायच्या आदल्या दिवशी आवडाबाईनं मला खाली काढलं आणि चिंचेनं लख्ख घासलं.

"आई, एवढं जड कशाला? बाटल्या घेतल्यात की," सून मंजुषा म्हणाली.

"असू दे गं. माझा हाय त्यो."

विमानतळावर पुन्हा एका गणवेशातल्या माणसानं मला हातात घेतलं. मला तुरुंगाच्या दारातला तो शिपाई आठवला. त्यानं झाकण उघडलं, आत डोकावला आणि हसला. "जाइए, माँजी."

अंदमानात पोचल्यावर सगळे पहिल्यांदा इंग्रजांनी क्रांतिकारकांना कोंडलेला तो जुना तुरुंगच बघायला गेले. सुदर्शननं तिकिटं काढली. रामकिसन मात्र फाटकाबाहेरच थबकला.

"तुमी बघून या. मी बसतो हितंच."

"आण्णा, एवढ्या लांब समुद्र ओलांडून आलो आणि बाहेर बसता?" सुदर्शन वैतागला.

तेव्हा आवडाबाई नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. मी भरलेला तिच्या काखेत होतो, मला तिचा श्वास कळत होता. "अहो, तवा तुमच्या तुरुंगात मला सोडलं नव्हतं. आज ह्या तुरुंगात सोडत्यात. तुमी कसं ऱ्हायला, ते मला बघायचंय."

सुदर्शन, मंजुषा, सायली एकमेकांकडे बघत राहिले. रामकिसननं तिच्याकडून मला मागून घेतलं, दोन घोट प्यायला आणि आत निघाला.

लांबच लांब ओवरी आणि ओळीनं कोठड्या. दाराची कडी बाहेरच्या भिंतीतल्या खाचेत, आतल्या माणसाचा हात पोचू नये अशी. वर उंच एक लहानशी खिडकी. रामकिसन एका कोठडीत शिरला आणि भिंतीला हात लावून उभा राहिला. मी त्याच्या दुसऱ्या हातात होतो.

"या लोकांनी जन्म काढले हितं. माझं काय, मी लौकर सुटलो," तो म्हणाला. "पर दार लावल्याचा आवाज आजून ऐकू येतो बघ, आवडे."

मग तो बोलत गेला. मोर्चा, तुरुंग, बापाचं बोलणं, मागलं दार, सगळं त्यानं सांगितलं. सायलीनं मला त्याच्याकडून घेतलं आणि त्याचा हात धरला. सुदर्शनचे डोळे भरून आले. "आण्णा, तुम्ही पाण्यासाठी गेला होता. आम्हाला सांगायचं तरी," तो म्हणाला.

परत निघताना आवडाबाई झपझप पुढे गेली, फाटकाबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "थांबा तिथंच."

तिनं पिशवीतून भाकरी काढली. कडक झालेली, घरून आणलेली. सायलीकडून मला मागून घेतलं. येणारे-जाणारे थांबून बघू लागले, पण तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. तिनं नवऱ्यावरून तुकडा ओवाळून लांब टाकला. माझं झाकण फिरवलं, पाणी ओवाळलं, त्याच्या पायांवर घातलं आणि ओले हात त्याच्या डोळ्यांना लावले.

"आता या," ती म्हणाली.

एवढा मोठा म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. मीही त्या दिवशी पुरता रिकामा झालो, मित्रांनो, आणि मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

घरी परतलो त्या दिवशी मंजुषानं कुलूप काढलं. सुदर्शन बॅगा आत ठेवून सवयीनं मागे वळला, "या की आत, आण्णा" म्हणायला. दारात कुणीच नव्हतं. रामकिसन केव्हाच आत येऊन खुर्चीत बसला होता आणि चहा मागत होता.

जुनी भांडी मोडीत घालू नका, असं मी तुम्हाला सांगणार होतो. तेही सांगतोच. पण त्याआधी आपल्या घरातलं कुणी दाराशी थांबत असेल, तर ते का थांबतं, एवढं विचारा. आणि त्याच्या पायांवर पाणी घाला. त्याला मीच हवा असं नाही. बाटलीतलं पाणीही चालेल.