सोलरची आयुधपूजा

"मल्हारमामा, करंट नसताना तुमच्या घरातला टीव्ही कशावर चालतो?"

विचारला! मागे पायरीवर सुखदा आणि कस्तुरी एकमेकींना चिमटे काढत होत्या. पैज त्यांचीच. "वक्तृत्वात बक्षीस आणलंस ना? मग मीटिंगमध्ये विचारून दाखव. दोन पुड्या चुरमुरी." येलहंक्यातल्या आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या चौदा घरांत, पंधरा दिवस सगळे हेच कुजबुजत होते. उभं राहून विचारलं ते मी. संयोगिता, नववी ब.

जूनमध्ये चौदा घरांनी मिळून मल्हाररावांच्या गच्चीवर सहा सोलर पॅनल बसवले, कारण वठारात माडी एकट्या त्यांचीच. बॅटऱ्या त्यांच्या जिन्याखालच्या खोलीत. तिथून प्रत्येक घराला दोन छोट्या ट्यूब. नियम एकच: इस्त्री, फॅन, टीव्ही लावायचा नाही. एकाने जास्त ओढलं की सगळे अंधारात. संध्याकाळी करंट गेला की अख्खी गल्ली मेणबत्त्या शोधायची आणि आमच्या अंगणात दहापर्यंत लख्ख उजेड! असं दसऱ्यापर्यंत. आता सातलाच ट्यूबा पिवळ्या पडायच्या, साडेसातला गुडुप. आणि नेमकी तेव्हाच मामांच्या माडीवरून टीव्हीची गाणी ऐकू यायची. मग?

मामा खुर्चीवरून उठले, घरात गेले आणि पक्कड घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी आपल्याच दारावरची सोलरची वायर तोडली. कट्ट! मग बॅटरीच्या खोलीची किल्ली माझ्या अप्पांच्या हातात ठेवली.

"कृष्णाजी, आजपासून तू बघ. माझ्या घरात तुमची लाईट नाही."

"पाहिलंस? पकडला गेला," कस्तुरी माझ्या कानात म्हणाली. लोक माझ्याकडे बघत होते आणि मला काय वाटत होतं सांगू? मी चार इंच उंच झाले होते.

हे रविवारी. सोमवारी ट्यूबा साडेसातलाच गेल्या. मंगळवारीसुद्धा. तरी सुखदाची आई म्हणाली, "काल स्वल्प जास्त टिकली, नाही?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी घड्याळ बघितलं होतं. एक मिनिटही जास्त टिकली नव्हती! चुरमुरीची दुसरी पुडी मला संपवता आली नाही. भूगोलाच्या पुस्तकाचं एकच पान मी तीनदा वाचलं. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की अंगणात फेऱ्या. "पायाला काय मुंग्या लागल्या का गं?" आई ओरडायची.

गुरुवारी शाळेतून येताना बाजारात मामा दिसले. सायकल ढकलत चालले होते. कॅरिअरवर दोरीने बांधलेली मोटारीची जुनी बॅटरी. टायरच्या दुकानात त्यांनी ती उतरवली तशी दुकानदाराने विचारलंसुद्धा नाही, सरळ चार्जिंगच्या रांगेत ठेवली. मामा गेल्यावर मी आत घुसले.

"ते आजोबा नेहमी येतात?"

"दर गुरुवारी, तीन वर्षं झाली. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आठवडाभर पुरते."

तीन वर्षं. आमचं सोलर बसून पाच महिनेही झाले नव्हते.

मी पळत जाऊन सायकल गाठली. "मामा, मीटिंगमध्ये सांगितलं का नाही?"

ते थांबले नाहीत. "चाळीस वर्षं त्या वठारात आहे मी. कुणाच्या घरी जन्म, कुणाच्या घरी मयत, पहिला मी जातो. आता पोरीटोरींना बॅटरी दाखवून मी चोर नाही म्हणू? सरी, ठीक आहे, जा घरी. उन्हात फिरू नकोस."

जा घरी म्हणे! पाय घरी जायला तयार नव्हते. मामा ओढत नाहीत, मग ओढतं कोण? की कुणीच ओढत नाही, वरूनच कमी येतंय?

शनिवारी अर्धी शाळा. अप्पांच्या खुंटीवरची किल्ली घेऊन मी आधी बॅटरीची खोली उघडली. भिंतीवरच्या मीटरचा काटा भर दुपारी आठवर. जूनमध्ये सगळ्यांना दाखवला तेव्हा तो वीसच्या पुढे होता, मीच मोठ्याने वाचला होता. जिना चढून गच्चीवर गेले आणि तिथेच थिजले.

सहाही पॅनलवर चार बोटं रुंद, तीन-तीन लालभडक पट्टे. आडवे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मध्ये एकेक टिळा, वाटीएवढा.

हे मी केलं होतं. माझ्या या हातांनी! दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळं गाव स्कूटरला, शिवणाच्या मशीनला, पाटा-वरवंट्याला गंध लावतं. आई म्हणाली होती, सोलरने आपल्याला उजेड दिला, त्याला कसं विसरायचं? स्कूटरवरचं कुंकू पावसात वाहून जातं म्हणून तिने या वेळी ते एरंडेलात कालवलं होतं. आणि मी, उत्साही, अख्खा तळवा बुडवून फासलं होतं. दर शनिवारी कुणी ना कुणी पॅनल धुवायला येत होतं, आणि पूजेचं पुसायचं नसतं म्हणून प्रत्येकाने पट्ट्यांच्या कडेकडेने धुतलं होतं. काच चकचकीत, पट्टे जिथल्या तिथे, वर धूळ चिकटून आणखी जाड.

पॅनलमध्ये काळ्या चौकोनांची एकमेकांना जोडलेली रांग असते, एक झाकला की अख्खी रांग मंदावते. टॉर्चमधला एक सेल मेला की बाकीचे काय कामाचे?

साबण, काथ्या. एक पॅनल घासला. खाली धावले: काटा दहावर. वर धावले, उरलेला एक डाग काढला, पुन्हा खाली: अकरा! धाप लागली, हात लाल, गणवेश लाल. पाच पॅनल बाकी होते. मी दुसऱ्यावर साबण ठेवला, आणि उचलला. तशीच घरी आले.

आई तांदूळ निवडत होती, अप्पा पेपर वाचत होते. एका दमात सगळं सांगितलं.

आईचा हात सुपातच राहिला. "अगो बाई. मग पुसून टाक बाकीचे. गुपचूप. देवाचं काम होतं, कुणी मुद्दाम केलं का?"

"बरोबर," अप्पा म्हणाले. "संध्याकाळी लाईट टिकेल, सगळे खूश. गवगवा कशाला?"

"अप्पा, आज लाईट दहापर्यंत टिकली तर वठार काय म्हणेल? मामांची वायर तुटली म्हणून टिकली! चोर पकडला म्हणून! मग ते कायमचे चोर."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "अगं, पण तुझ्या आईचं, हेमलताचं नाव येईल. तुझं येईल. तुलाच हसतील."

"हसू देत." मी उभीच राहिले. "पाच पॅनल मी मुद्दाम तसेच ठेवलेत. उद्या सकाळी दहाला चौदाही घरांना गच्चीवर बोलावणार. सुखदा खाली काटा वाचेल, मी सगळ्यांसमोर एकेक पुसणार, आणि कुंकू कुणी फासलं तेही सांगणार. पण त्याआधी, आत्ता, मामांच्या दारात जाऊन माफी मागणार आहे. परवानगी मागत नाहीये मी. सांगतेय."