रविवारचं पाणी

गोजरबाईनं पायानंच घागर रांगेबाहेर ढकलली.

"ही कुनाची? मालकीन कुटं हाय हिची?"

"हाय, हाय! आले की." राजाबाई पदर सावरत धावत आली. "नातवाची दुपटी वाळत घालत हुते. पाण्याच्या भांड्याला पाय लावतीस व्हय गं?"

"मग हात जोडू का तिला?"

बाया हसल्या. राजाबाईही हसली आणि घागर उचलून तिनं पुन्हा आपल्या दुसऱ्या घागरीशेजारी ठेवली.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सोलापुरात पाण्यावरून डोकी फुटत होती. म्हणून चाळीत गोजरबाईनंच नियम घातला होता: मालकीण हजर नसेल तर घागर बाजूला. आजवर राजाबाईच्या घरचं पाणी सून विजयमाला भरायची. पण ती बाळंत होऊन आठवडाच झाला होता. इतर दिवशी राजाबाईची पहाटपाळी. ती मिलमधून सुटेपर्यंत नळ कोरडा व्हायचा. राहिला रविवार. आणि रविवारी पाणी नेमकं चर्चच्या वेळेला यायचं.

सकाळी तिनं योनाला हलवून पाहिलं होतं. रातपाळी करून आलेल्या लेकानं डोळे न उघडताच म्हटलं होतं, "बायकांच्या रांगेत मी? आये, पगार मिल देती, पाणी मुन्शिपालटी देती. एक रविवार तू न्हाय गेलीस तर तुझ्या देवाचं काय अडनार हाय?"

देवाचं काही अडणार नव्हतं, हे राजाबाईलाही कळत होतं. पण नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा तिचा रविवार चुकला नव्हता. चर्चला नेसायचं पांढरं लुगडं खुंटीवर तसंच ठेवून ती नळावर आली होती.

चर्चची घंटा वाजली. राजाबाईनं मान खाली घातली.

"आज देवळात न्हाय जायाचं?" गोजरबाईनं विचारलं.

"घरात बाळंतीन हाय. पाणी कोन भरंल?"

"तुझा देव हजेरी मांडतो व्हय?"

"तो न्हाय मांडत. मीच जाऊन देती."

गोजरबाईनं आपल्या मागं लागलेल्या राजाबाईच्या दोन्ही घागरी ओढून स्वतःच्या घागरींपुढं ठेवल्या.

"जा. आज ह्यांची मालकीन मी."

"ह्ये बरं हाय!" मागून शांतम्मा ओरडली. "नियम तूच करनार, तूच मोडनार?"

"माझ्या जागेत हायत की! तुझ्या पुढं एक तरी घागर वाढली का? मग गप ऱ्हा." आणि राजाबाईला म्हणाली, "तितं आमच्या नळाचं बी माग काय तरी."

"मागायला न्हाय गं जात. आभार मानायला जाती."

"ह्या दुष्काळात? कशाचं?"

लुगडं बदलायलाही वेळ नव्हता. ती तशीच निघाली.

एके काळी मिलची माणसं या चर्चच्या पायऱ्यांवरही मावत नसत. आज बाकांवर पाच डोकी होती. कोणी पाण्यापाशी, कोणी युनियनच्या सभेला, कोणी उगीचच घरी. पाळकसाहेब मात्र भरल्या मंदिरात बोलावं तसे मोठ्यानं म्हणाले, "ज्यांना देवाचे उपकार मानायचे असतील त्यांनी उठावं."

राजाबाई उठली. नातवासाठी चार शब्द तिनं आठवडाभर जुळवले होते. ते तिनं म्हटले. पण बसायचं सोडून ती तशीच उभी राहिली.

"आनि गोजरबाईसाठी," ती म्हणाली. "ती आपल्यातली न्हाय. नळावर उभी हाय ती. तिच्यासाठी."

परत आली तेव्हा नळ गेला होता. उंबऱ्याशी तिच्या दोन्ही घागरी काठोकाठ भरून, फडकं झाकून ठेवल्या होत्या. आत योना जागा होऊन बाळाला मांडीवर घेऊन बसला होता.

"गोजरमावशी ठिवून गेली," तो म्हणाला. मग बाळाचं दुपटं सारखं करत, "तिची दुसरी घागर लावली आन् पाणी गेलं म्हनं."

राजाबाईनं एक घागर कमरेवर घेतली आणि गोजरबाईचं दार गाठलं. दाराशी रिकामी घागर पालथी पडली होती.

"ने परत," गोजरबाई आतूनच म्हणाली. "बाळाला न्हाऊ घाल."

देवाच्या घरात उभं राहून बोललेले शब्द राजाबाईला इथं काही केल्या आठवेनात. तिनं पालथी घागर सुलटी केली आणि आपली तिच्यावर कलती धरली. धार घागरीच्या तोंडाबाहेर जाऊ लागली.

"अगं, सांडशील की भवाने!" म्हणत गोजरबाई बाहेर आली, खाली बसली, आणि पाणी अर्धं होईपर्यंत तिनं घागरीच्या तोंडाशी दोन्ही तळव्यांचा आडोसा धरून ठेवला.