माझ्या पायाचा फोटो

मी एक जुना स्टँड आहे, कॅमेरा ठेवायचा, लाकडी. मित्रांनो, अचलपूरच्या सुताराने सागाचे माझे तीन पाय घडवले आणि त्यांना लोखंडी टोप्या बसवल्या. अमरावतीचा फोटोग्राफर श्रावण मला खांद्यावर टाकून गावोगाव हिंडे. कौतुक कॅमेऱ्याचे होई. मी डगमगलो, तरच लोकांचे माझ्याकडे लक्ष जाई.

१९६६ च्या जुलैत वर्गाचा फोटो काढायला आम्ही वलगावच्या शाळेत गेलो. तिथली तरुण शिक्षिका ललिताबाई कोमेजून बसली होती. तिने वर्तमानपत्रातले एक चित्र फळ्यावर चिकटवले होते. चंद्रावर एक यंत्र उतरले होते, आत माणूस नव्हता, आणि त्याने स्वतःच्याच पायाचा व सावलीचा फोटो पाठवला होता. ते चित्र पाहून गावात कोणी हात जोडले, कोणी खो-खो हसले. खुशालराव मात्र भडकले. त्यांनी नात मैनाला शाळेतून काढायचे ठरवले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ते दारातच उभे होते.

"बाई, तिथं माणूस नाही म्हनता, मंग हा फोटो काहाडला कोनं? पोरायले खोटं काहून शिकवून राहिल्या?"

"यंत्रानंच काढला, काका. ते मान वळवून बारके बारके फोटो घेतं. इथली माणसं ते जोडतात."

"माह्या नातीले असलं शिकाचं नाही."

मैना त्यांच्या मागे दप्तर छातीशी धरून रडत होती. श्रावणने माझ्याकडे पाहिले. मग त्याने मला अंगणात उन्हात रोवले, कॅमेऱ्याचे तोंड खाली माझ्याच एका पायाकडे वळवले आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या लांब रबरी नळीचे टोक ओट्यावर नेऊन खुशालरावांपुढे धरले. टोकाला एक रबरी फुगा होता; तो दाबला की लांबूनही फोटो निघे.

"काका, दाबा."

"म्या?"

"तुमीच. अंगनात कोनी नाही, पाहून घ्या."

त्यांनी चिडूनच फुगा दाबला. खट्! श्रावण आला, त्याने फिल्म सरकवली, कॅमेरा जरा वळवला आणि परत ओट्यावर गेला. असे पाच वेळा झाले. आयुष्यात पहिल्यांदाच माझा फोटो निघत होता. हलू नये म्हणून मी पाय घट्ट रोवून उभा राहिलो.

"पन चंद्रापावतर नळी कोठून आनली?" खुशालराव म्हणाले.

"तुमच्या घरच्या रेडिओले मुंबईवरून नळी येते काय?" ललिताबाई पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलली.

ते तरीही मैनाला घेऊन गेलेच.

आठवड्याने श्रावण पाचही फोटो एकमेकांना जोडून पुठ्ठ्यावर चिकटवून शाळेत घेऊन आला आणि त्याने खुशालरावांना बोलावून घेतले. माझा पाय होता, लोखंडी टोपी होती, सावलीही होती. मात्र एका जोडावर सावली मोडल्यासारखी दिसत होती. श्रावणला ओशाळल्यासारखे झाले. खुशालरावांनी चष्मा चढवला आणि ते कितीतरी वेळ त्याच जागी बोट ठेवून बसले. मग उठून फळ्यापाशी गेले.

"इथंबी जोड हाय! कोनी बसून चितारलं असतं, त असे जोड कायले ठेवले असते?" ते ललिताबाईकडे वळले. "बाई, माहं चुकलं. पोरगी उद्या येते."

ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली.

पुढे श्रावणने हलका धातूचा स्टँड घेतला आणि मला शाळेला देऊन टाकले. ओलसर खोलीत माझे स्क्रू गंजले, एक पाय फुगला. त्या फोटोनंतर तीन वर्षांनी, माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी आली त्या आठवड्यात, मैनाने मला बाहेर काढले, पुसले, तेल दिले. आता ती माझ्यावर आरसा बांधून लहान मुलांना उन्हाचा कवडसा भिंतीवर कसा फिरतो ते दाखवते.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात पडले असेल. त्याला ओलीतून हलवा, थोडे तेल द्या. आणि कोणी "हे खरं कशावरून?" असे विचारले, तर हसू नका. त्याला उन्हात बोलवा आणि करून पाहू द्या.