नाव कापलेल्या गोळ्यांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे, आणि मित्रांनो, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. माझ्या झाकणावर 'औषधे' अशी पट्टी चिकटवलेली आहे. अक्षर सुरेख आहे, पण तेवढ्यावर जाऊ नका. पट्टी लिहिणाऱ्याला माझ्या पोटात पुढे काय पडणार आहे ते ठाऊक नव्हते. काय काय पडले ते मी पाहिले आहे, म्हणूनच मी असा संशयी झालो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. अवजड यंत्राखाली पत्रा दबला, कडा दुमडल्या, अंगावर निळा रंग चढला आणि आत बिस्किटे भरली गेली. ते दिवस सुखाचे होते. बिस्किटावर कोण संशय घेणार? बिस्किटे संपली आणि लाँड्रीवाल्या काकूंनी मला धुऊन, पुसून, औषधे ठेवायला घेतले.

काकूंचे दुकान खाली आणि घर वर. खाली वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट, कपडे टांगायचे लांब दांडे आणि दिवसभर न हटणारा उकाडा. काकू इस्त्री करायच्या, काका घरोघरी कपडे पोहोचवायचे. वर काकूंच्या सासूबाई असत. त्यांच्या नजरेतून सुतळीचा तोडासुद्धा सुटत नसे. माझी जागा स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर होती. तिथून मला सगळे घर दिसायचे.

सुरुवातीची वर्षे माझा मोठा मान होता. कोणाचे डोके दुखले, कोणाला कणकण आली, की "डबा काढा" अशी हाक यायची. शेजारचा चांभार तर म्हणायचा, "काकूंचा डबा म्हणजे अर्धा दवाखाना." ते ऐकून मी फुगायचो. पत्र्याला फुगता येत असते तर माझे झाकणच उडाले असते.

पण या घरात एक पद्धत होती आणि तिथेच पाणी मुरत होते. गोळ्यांची अख्खी पाकिटे काका खिशात टाकायचे, विसरायचे, आणि मग ती सदऱ्याबरोबर धुण्यात जायची. लाँड्रीवाल्यांच्याच घरात औषधे धुतली जातात म्हणून सगळे हसायचे. यावर काकूंनी उपाय काढला. पाकीट आले की कापडाची मोठी कात्री घ्यायची आणि त्याचे एकेका गोळीचे चौकोन कापायचे. ज्याला लागेल त्याने एक चौकोन घेऊन जावे. उपाय छान होता, फक्त त्यात गोळीचे नाव अर्धे इकडे, अर्धे तिकडे जायचे आणि तारीख तर कात्रीखालीच सापडायची.

तेव्हापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकू लागली. माझ्या पोटात चमचमते चौकोन खडखडत असायचे आणि त्यांतला कोण कोण आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. तापाची गोळी पांढरी, गुडघ्याची पांढरी, सर्दीची पांढरी. मी त्यांना विचारून पाहिले, "तू रे कोण?" सगळे चौकोन मूग गिळून गप्प.

अशातच काकूंचा गुडघा बिघडला. दिवसभर उभे राहायचे काम आणि अंगाने त्या चांगल्याच भरलेल्या. डॉक्टर बाईंनी वजन उतरवायचे इंजेक्शन लिहून दिले. पेनासारखी सुई होती, आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीत टोचायची. काकूंनी त्याबद्दल घरात कोणालाच सांगितले नाही. लोक म्हणतील, हिला जिभेवर ताबा ठेवता येत नाही म्हणून सुया टोचून घेते, याची त्यांना लाज वाटली. फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे एक खोके येऊन बसले. माझ्या पायाखालीच बसले म्हणा ना.

माझा संशय लगेच जागा झाला. जे औषध माझ्याकडे न येता मागे दडून बसते, त्यात काहीतरी काळेबेरे असणार असे मला वाटले. इथे मी चुकलो, मित्रांनो. ते खोके सरळ होते. त्याच्यावर नाव होते, तारीख होती, कसे घ्यायचे तेही लिहिले होते. संशय घ्यायचा तर माझ्याच पोटातल्या मंडळींचा घ्यायला हवा होता.

काकूंची भूक आटली. दोन घास खाल्ले की त्या ताट सरकवायच्या. कधी मळमळायचे, कधी उलटी व्हायची. पाणीही नकोसे वाटायचे आणि इस्त्रीच्या उकाड्यात घाम तर धारेने गळायचा. डॉक्टर बाईंनी त्यांना आधीच बजावले होते, की दुसरे कोणतेही औषध घेण्याआधी मला विचारा. काकूंनी मान डोलावली होती. पण मित्रांनो, काकूंच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरने कागदावर लिहून दिलेले. माझ्यातल्या गोळ्या त्यांनी औषधांत कधी धरल्याच नव्हत्या.

मग शाळा उघडायचे दिवस आले. गणवेशांचे गठ्ठे जिन्यापर्यंत रचले गेले. गुडघा ठणकू लागला तसे काकूंनी मला काढले, एक पांढरा चौकोन फोडला आणि गोळी गिळली. गुडघा काही थांबेना. थोड्या वेळाने पुन्हा वर येऊन दुसरी घेतली. संध्याकाळ व्हायच्या आत तिसरी. "या गोळ्यांतला जोरच गेलाय," असे पुटपुटत त्या जिना उतरल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रिकाम्या पोटात, पाण्याविना, गोळीवर गोळी.

मला भीती वाटू लागली, हे मी उघड सांगतो. काकूंचे ओठ कोरडे पडले होते. उभ्या उभ्या त्यांना भोवळ यायची. लघवीला फारसे होत नाही आणि होते तेही गडद, असे त्या फोनवर बहिणीला हळू आवाजात सांगताना मी ऐकले. आत कुठेतरी मोठे नुकसान होत होते आणि माझ्याच पोटातून निघालेल्या गोळ्या त्याला कारण असाव्यात असे मला वाटू लागले. मी झाकण घट्ट आवळून धरले. काकूंनी चमच्याची दांडी घालून ते उचकटले. पत्र्याचा हट्ट तो केवढा.

घरात आता प्रत्येकजण प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने पाहत होता. काकांना वाटे, आई गोळ्या फस्त करते आहे. सासूबाईंना वाटे, मुलाला काहीतरी दुखणे आहे आणि तो लपवतो आहे. शेवटी सासूबाईंनी पाळत ठेवली. आपण त्या गावच्याच नव्हेत असे दाखवत त्या खिडकीपाशी बसून राहिल्या आणि सून वर येऊन मला उचकटते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. काकू खाली गेल्यावर त्या उठल्या, मला काढले आणि आपल्या कपाटात, घडीच्या चादरींखाली लपवून टाकले.

दुपारी काकू पाय ओढत वर आल्या. कपाटाच्या फटीतून मला सगळे ऐकू येत होते.

"आई, डबा कुठंय?"

"कशाला हवाय?"

"गुडघा दुखतोय. द्या ना."

"सकाळीच घेतलीस. मी बघितलं. आणि फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे काय दडवलंयस? तेही बघितलंय मी."

 काकू भिंतीला टेकून खाली बसल्याचा आवाज आला.

"वजनाचं इंजेक्शन आहे," त्या म्हणाल्या. "हसणार असाल तर हसून घ्या."

"हसायला काय झालंय? बरी दिसतेस का तू? चेहरा बघ, धुतलेल्या चादरीसारखा पांढरा पडलाय. त्या सुईबरोबर या गोळ्या चालतात का, विचारलंस कुणाला?"

"साध्या दुखण्याच्या गोळ्या त्या. त्यात काय विचारायचं?"

"मला नाही पटत," सासूबाई म्हणाल्या. "मला तर त्या गोळ्यांचाच संशय येतोय. चल, ऊठ."

इतकी वर्षे मी त्या बाईंना खवचट समजत होतो. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले. त्यांनी मला पिशवीत घातले, काकांना हाक मारली आणि तिघे दवाखान्यात गेले. मीही होतो, म्हणजे चौघे.

डॉक्टर बाईंनी मला टेबलावर पालथे केले. चौकोनांचा ढीग पडला.

"यातली कुठली घेतलीत?" त्यांनी विचारले.

"पांढरी."

"सगळ्याच पांढऱ्या आहेत, काकू."

 डॉक्टर बाईंनी एकेक चौकोन उजेडात धरला. अर्धवट अक्षरांवरून आणि गोळीवरच्या खुणेवरून त्यांना काही ओळखता आले, काही आलेच नाही. जे ओळखले त्यांतले बहुतेक सूज आणि दुखणे उतरवणाऱ्या जातीचे होते. त्यांनी रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. काकूंना लगेच खाटेवर निजवून सलाईन लावले. काका बाहेर येरझाऱ्या घालत राहिले.

तपासणीत आले की काकूंच्या मूत्रपिंडांवर ताण पडला आहे. वेळेवर आलात, असे डॉक्टर बाई म्हणाल्या, आणि मग खुर्ची ओढून त्यांनी नीट समजावले. "या इंजेक्शनाने पोट सावकाश रिकामं होतं. त्यामुळे गोळी पोटात रेंगाळू शकते आणि गुण उशिरा येतो. तुम्हाला वाटलं लागू पडली नाही, म्हणून तुम्ही दुसरी घेतलीत, मग तिसरी. त्या सगळ्या मिळून काम करणारच होत्या. त्यात खाणं कमी, पाणी कमी, उलट्या. अशा कोरड्या पडलेल्या शरीरात सुजेच्या गोळ्या पोटाला जखम करू शकतात आणि मूत्रपिंडाला तर फार जड जातात."

"मग दुखलं तर काय करायचं हिने?" सासूबाईंनी उलटतपासणी सुरू केली.

"सध्या सुजेची गोळी अजिबात नाही. बरं वाटल्यावर पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते, पण मी सांगेन तेवढीच आणि तेवढ्याच अंतराने. सर्दीच्या गोळ्यांतही पुष्कळदा तीच असते, म्हणजे नकळत दुप्पट होते आणि यकृताला त्रास होतो. उलट्या थांबेनात, लघवी कमी झाली, शौचाला काळं झालं, तर घरी बसायचं नाही. आणि कुठलीही गोळी तोंडात टाकायच्या आधी मला नाहीतर औषधाच्या दुकानात विचारायचं. इंजेक्शन चालू आहे हे सांगून विचारायचं."

"ते सांगायचीच तर लाज वाटत होती," काकू म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. काकांनी त्यांचा हात धरला. 

माझ्यातले सगळे चौकोन औषधाच्या दुकानात परत दिले गेले, नष्ट करायला. मी रिकामा घरी आलो आणि काही दिवस कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. नंतर नवी पाकिटे आली, अख्खी, नावातारखेसकट. कात्री खालीच राहिली. पुढच्या तपासणीत काकूंची मूत्रपिंडे सावरलेली निघाली. थांबवलेले इंजेक्शनही डॉक्टर बाईंनी बेताच्या मात्रेत पुन्हा सुरू केले. खोके आता फ्रिजमध्ये सर्वांत पुढे असते.

एका सकाळी काकू सासूबाईंच्या खाटेवर येऊन बसल्या. मला त्यांनी मांडीवर घेतले होते.

"आई, तुम्ही मला विचारलंत म्हणून मी वाचले. आता मी विचारते. तुम्ही काय काय घेता?"

"मी? रक्तदाबाची गोळी. बाकी औषध म्हणून काही नाही."

 काकू हळूच म्हणाल्या, "या घरात सगळ्यांचे अभ्रे मी धुते, इस्त्री करते. तुमच्या उशीचा अभ्रा मात्र तुम्ही मला आजवर कधी दिला नाहीत."

सासूबाईंनी मान खिडकीकडे वळवली.  मग त्यांनी उशी जवळ ओढली, अभ्र्यात हात घातला आणि मूठ बाहेर काढून गादीवर उघडली. चमचमते चौकोन. माझेच होते, कधीचे कोण जाणे.

"कंबर दुखते गं," त्या म्हणाल्या. "आणि ती काय औषधं का आहेत?"

काकूंनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, गाडी काढा. आज आईंना घेऊन जायचंय."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा कोणी भाऊबंद असेल. त्याच्या पट्टीवर भुलू नका, आत पाहा. नाव नसलेली गोळी पोटात जाऊ देऊ नका. आणि घरातल्या मोठ्यांनी झाकण उघडले की त्यांना विचारा, तुम्ही आणखी काय घेता, आणि ते सगळे एकत्र चालते का. तुम्हाला काय करायचंय, असे म्हणून ते रागावतील. तुम्ही तिथेच उभे राहा आणि पुन्हा विचारा.