न निघालेल्या गाड्या

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या नव्या सेवेचे नियम तिने गणितात मांडले होते, मशीनला वाचता येतील असे. ‘बाहेर पडलेली गाडी एकाच वेळी दोन घरी जाणार नाही’ हे मशीनने सिद्ध मानलं, तेव्हा ती हवेतच होती. चाचण्या घेणारे वयस्क सहकारी म्हणाले होते, “तरी एकदा पडद्यावर गाड्या पळवून बघू.” तिने भर बैठकीत त्यांना ‘शंकासुर’ म्हटलं. सगळे हसले, साहेबांनी चाचण्या रद्द केल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आज नव्या लोकांना ती काम समजावून सांगत होती. एकीने विचारलं, “मुद्दाम चुकीचं काही लिहिलं तर मशीन पकडतं?”

“लगेच,” म्हणत तिने लिहिलं: बाहेर पडलेली प्रत्येक गाडी एकाच वेळी दोन घरी जाते.

मशीनने उत्तर दिलं: सिद्ध.

“मशीन अडकलंय,” ती पटकन म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. शंकासुरांनी मात्र नजर खाली वळवली, जणू चूक त्यांचीच होती.

जेवणाच्या सुट्टीत तिने नियम पुन्हा वाचले. मोकळी गाडीच पाठवायची. रुग्णाला पोचवलं की मगच गाडी मोकळी. पण सुरुवातीला गाड्या मोकळ्याच उभ्या असतात, एवढं लिहायचं राहून गेलं होतं. त्यामुळे तिच्या गणितात कुठलीच गाडी मोकळी नव्हती, आणि एकही कधी दाराबाहेर पडलीच नव्हती. न निघालेल्या गाडीबद्दल काहीही बोला, खोटं ठरवणार कोण? तिचे कान तापले. ते राहिलेलं वाक्य ती गुपचूप घुसडू शकली असती. ती लिपी वाचणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

ती शंकासुरांच्या टेबलापाशी गेली. “तुम्हाला मघाशीच कळलं होतं ना?”

“शंका आली होती.”

“मग बोलला का नाहीत?”

“मागे बोललो होतो की,” ते डबा बंद करत म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

“माझं चुकलं, काका. नावाचंही.”

“साहेबांना सांगितलंस?”

तिने मान हलवली. नाही.

साहेबांच्या खोलीत तिने सगळं सांगितलं, मशीन अडकल्याची थापसुद्धा. सेवा लांबणीवर टाकल्याचं कळवायला साहेबांनी फोन उचलला. चाचण्या परत सुरू झाल्या. काकांनी पहिली गाडी बाहेर काढायला तिलाच शेजारी बसवलं. सबंध दुपार ती पडद्याकडेच बघत राहिली. त्यांच्याकडे बघायचा धीर तिला झाला नाही.