मळवलीच्या तट्टूला वझं द्या

मी मळवलीच्या महिपतीचं तट्टू. हसू नगा, बोलाया मला बी येतंय. सारी उमर गेली ठेसनावरनं लोकांचं वझं लोहगडावर वाहन्यात.

वझं तरी कसलं! मागच्या थंडीत तळेगावचे चिंतामणी मास्तर, त्येंच्या रजनीबाई आन दोन दोस्त एका रातीच्या मुक्कामाला गडावर निगाले. संगं गाद्या, लोड, आंगुळीचं घंगाळ आन पाटा-वरवंटा!

"चटणी ताजीच हवी," रजनीबाई म्हनाल्या.

डोंगरावर दगुड न्यायाचा! तितं काय दगडांचा दुकाळ पडलाय?

मला खोडी सुचली. महिपती खोगिराचा पट्टा आवळाया लागला, तसं मी पोट टम्म फुगवलं. मंग श्वास सोडला, पट्टा ढिल्ला. खिंडीत सगळं वझं फिरून पोटाखाली आलं. वरवंटा गेला गडगडत दरीत, त्येच्या मागं घंगाळ वाजतगाजत. गाद्या करवंदीच्या जाळीत. मी लय खूश!

सामान गोळा करता करता दिस कलला. गड ऱ्हायला वरच. मंडळी खाली मान घालून माघारी.

"चुकलं आमचंच," मास्तर म्हनाले. "पुढच्या खेपेपासून गड नको. पायथ्याच्या भाजे लेण्यांपाशी एक रात्र राहायचं. घोंगडी, दशम्या, तांब्या. ज्याचं त्याने खांद्यावर."

माजे कान उभे. आरं, मंग मी?

मंडळी तशीच याया लागली, त्येंचं बगून बाकीचे बी. दोन म्हैनं पाठीला वझं न्हाई. महिपती एक येळ जेवतो. माज्या मानंवर हात फिरवून म्हनतो, "पट्टा म्याच नीट बांदला न्हाई रं." कसं सांगू त्येला?

आज वराळ्याचा वीटभट्टीवाला भिमाजी मला इकत न्यायला आलाय. तितं गेलेलं तट्टू माघारी आलेलं मी बगितलं न्हाई.

तेवढ्यात ठेसनात गाडी आली. मास्तर मंडळी उतरली. महिपती हात जोडून आडवा गेला. "मास्तर, निदान घोंगड्या तरी टाका ह्येच्यावर!"

"अहो महिपती, ओझंच नाही. हे बघा, एवढंसं बोचकं."

मी ते बोचकं दातांत धरलं.

"अगं बाई! भारीच चेष्टेखोर हो तुमचं तट्टू!" रजनीबाई हसल्या. सगळीच हसली. मास्तर ओढत्यात, मी सोडत न्हाई. मागनं भिमाजी वरडतोय, "महिपती, दावं दे इकडं!"

हसा, मास्तर, हसा. पर जल्मात पयल्यांदाच मी चेष्टा करत न्हाई.